फटीच्या वतनदारास अनावृत पत्र

राजमान्य राजश्री दुचाकीस्वारसाहेब, मुक्काम तांबड्या दिव्याखाली, थांबरेषेच्या चार हात पुढे, दाभोळकर कॉर्नर, कसबे करवीर यांसी,

कृतानेक नमस्कार विनंती विशेष.

करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1918 साली कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले, आणि पुढे स्वतंत्र भारताच्या कायद्यांनी उरलीसुरली वतनेही खालसा केली. तथापि या साऱ्या उलथापालथीतून एक वतन अबाधित राहिले, किंबहुना दिवसेंदिवस विस्तारतच गेले, आणि ते म्हणजे दोन उभ्या वाहनांमधील फटीचे वतन, ज्याची सनद कोणत्याही दप्तरी नसताना ज्याचा उपभोग आपण निर्वेधपणे घेत आहात, अशी खात्री पटल्यामुळे वतनदारास उचित अशा अदबीने हे पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे.

आपल्या कौशल्याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. शिवाजी उद्यमनगरात दिवसभर लेथवर सुताचाही फरक खपवून न घेणाऱ्या कारागिराची नजर आपण संध्याकाळी रस्त्यावर आणता, आणि केएमटीची बस व शेजारची मोटार यांच्यामध्ये हँडलास दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटांची मुभा मिळाली की ती जागा राजमार्गासमान मानून पुढे सरकता. एखाद्या वेळी आरसा आडवा येतो, तर आरसाच काढून घरी ठेवण्याची दूरदृष्टी आपल्यापाशी आहे. ज्यास केवळ पुढे जावयाचे आहे त्याने मागचे काय म्हणून पाहावे, हे तत्त्वज्ञान इतक्या स्वस्तात आचरणात आणणारा दुसरा पंथ माझ्या पाहण्यात नाही.

आता आपणास आश्चर्य वाटेल, परंतु या वतनाच्या मुळाशी असलेला आपला हक्क मला सर्वस्वी नामंजूर नाही. रांगेच्या शेपटीला, मागून येणाऱ्या मालमोटारीच्या ब्रेकवर भरवसा ठेवून उभे राहण्यापेक्षा उभ्या वाहनांमधून हळूहळू पुढे येणे अधिक सुरक्षित ठरू शकते, असे मानणारे लोक केवळ कोल्हापुरातच आहेत असे नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने 1 जुलै 2014 पासून ही गोष्ट कायदेशीर केली. कॅलिफोर्नियाने 2016 साली कायदा करून तीस व्याख्या दिली. आणि तेथील बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे सहा हजार अपघातांची छाननी करून 2015 साली असा निष्कर्ष काढला की, फटीतून जाणाऱ्या स्वारास मागून धडक बसण्याचे प्रमाण इतर स्वारांहून कमी आढळते. आमच्या 1988 च्या मोटार वाहन कायद्याने मात्र फटीतून पुढे येण्यास नावही दिलेले नाही, आणि ज्याला नाव नाही त्याला मर्यादाही घालता येत नाही. त्यामुळे सारा गाव जे करतो ते कसे करावे, हे मात्र कोणीच कोणास सांगत नाही.

परंतु साहेब, वतनाबरोबर चाकरी येते, हा जुन्या अमदानीतला शिरस्ता आपल्यासारख्या जाणत्यास मी काय सांगावा? न्यू साउथ वेल्सच्या सरकारने ही मोकळीक देताना वेगाची मर्यादा ताशी 30 किलोमीटर ठेवली, शिकाऊ स्वारांस ती नाकारली, आणि पदपथालगतच्या बाजूने जाण्यास साफ मनाई केली. बर्कलीकरांनीही अट घातलीच की, भोवतीच्या वाहनांहून स्वाराचा वेग ताशी 24 किलोमीटरांपेक्षा अधिक असू नये. म्हणजे ज्या विलायती दाखल्यांनी आपला हक्क सिद्ध होतो, त्याच दाखल्यांत आपली चाकरीही नमूद आहे.

त्या चाकरीतील पहिले कलम डाव्या बाजूचे. दसऱ्यानंतर गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर कसबा बावड्याच्या राजाराम कारखान्याच्या दिशेने चालू लागतात. असे वाहन डावीकडे वळू लागले असता त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने न जाता आतल्या, लहान वर्तुळाने कापत येतात, आणि मागची ट्रॉली तर त्याहूनही आत येते. म्हणजे क्षणापूर्वी पदपथ आणि ट्रॉली यांच्यामध्ये जी प्रशस्त जागा आपणास खुणावीत होती, ती आपण आत शिरल्यावर कोणतीही नोटीस न देता जप्त होते. चालकास शिव्या देऊन उपयोग नाही, कारण त्याच्या आरशात आपण नसता. आणि ज्या चालकाचा चेहरा त्याच्या आरशात आपणास दिसत नाही, त्यास आपणही दिसत नाही, एवढे एकच सूत्र ध्यानात ठेवले तरी पुष्कळ स्मशानयात्रा तहकूब होतील.

दुसरे कलम वेळेचे. दिवा नुकताच तांबडा झाला आहे, सर्व वाहने स्तब्ध आहेत, अशा वेळी सावकाश पुढे येणे यास मी कसब म्हणेन. परंतु आकड्यांची उलटगणती पाचावर आलेली पाहून शेपटीकडून मुसंडी मारणे, आणि आकडा तीनवर असता दोन बसांच्या मधोमध असणे, यास कोणत्या भाषेत काय म्हणावे हे मी आपल्या आप्तेष्टांवर सोपवतो. दिवा हिरवा होताच त्या दोन्ही भिंती चालू लागतात, आणि आपणास पुढेही जाता येत नाही व मागेही. जी फट पोहोचेपर्यंत पुरणार नाही, तीत शिरूच नये. त्यापेक्षा बसच्या मागे, परंतु थोडे एका अंगास, गाडी गिअरमध्ये ठेवून आणि मागचा रस्ता दाखवणारा आरसा जागेवर ठेवून थांबण्यात काही कमीपणा नाही.

तिसरे कलम अधीरतेचे. आकडा तीनवर आला की पुढची सारी फळी घोड्यावर मांड ठोकल्यासारखी पुढे झेपावते. कावळा नाक्यावर तर खुद्द महाराणी ताराराणी अश्वारूढ असल्यामुळे आपणास तसा मोह होणे स्वाभाविकच आहे. परंतु ज्या अभिमानाने आपण तीन सेकंद आधी निघता, त्याच अभिमानाने आडव्या रस्त्यावरचा आपलाच एखादा भाऊबंद पिवळा दिवा संपून दोन सेकंद झाल्यावर निघालेला असतो. ताशी 40 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात अकरा मीटर अंतर तोडते. म्हणजे त्याला ब्रेकची आठवण होईपर्यंत तो चौकाच्या मध्यावर आलेला असतो, आणि तेथे आपण आधीच हजर असता. 2019 च्या दुरुस्तीने तांबडा दिवा ओलांडणे हे कलम 184 खालील धोकादायक वाहनचालनात गणले गेले आहे. तथापि दंडाची पावती हा या प्रकरणातील सर्वांत सौम्य कागद होय.

शिरस्त्राणाविषयी करवीरनगरीत बोलणे म्हणजे आंदोलनास आमंत्रण, हे मी जाणून आहे. ज्या नगरीने टोलचे नाके उठवले, तिच्यावर हेल्मेटची सक्ती करू पाहणाऱ्यांची काय गत होते, हे सर्वश्रुत आहे. म्हणून सक्तीचा शब्दही न उच्चारता इतकेच निवेदन करतो की, हेल्मेटमुळे स्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्यास इजा होण्याचा सुमारे 69 टक्क्यांनी घटतो, असे वैद्यकीय संशोधनांच्या एकत्रित परीक्षणात आढळले आहे. मात्र ही आकडेवारी डोक्यावरच्या हेल्मेटची असून, कोपरात अडकवलेल्या हेल्मेटमुळे कोपराचे काय कल्याण होते याची नोंद कोणी केलेली नाही. 2022 साली भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील सुमारे 44.5 टक्के दुचाकीवरची होती; ‘गावात कुठे वेग असतो?’ हा आपला सवाल त्या यादीतील अनेकांनीही केला असेल.

राहता राहिली माझी स्वतःची कैफियत. मी पायी चालणारा इसम आहे. रस्ता ओलांडण्यासाठी सरकारने काही पांढरे पट्टे आखून दिले आहेत, परंतु त्यांवर आपली आणि आपल्या मित्रमंडळाची पुढची चाके विसावलेली असल्यामुळे मला दोन सायलेन्सरांच्या मधून, धोतर सावरत, मार्गस्थ व्हावे लागते. याउपर माझा महानगरपालिका आणि वाहतूक शाखा यांस असा अर्ज आहे की, तैवानच्या शहरांत मोटारींच्या रांगेपुढे केवळ दुचाकींसाठी जशी चौकट आखलेली असते, तशी एक चौकट येथील मोठ्या चौकांत, पांढऱ्या पट्ट्यांच्या अलीकडे, आखून द्यावी, आणि फटीतून तेथवर येण्यास ताशी 20 किलोमीटरांच्या मर्यादेत रीतसर परवानगी द्यावी. जे चोरीने चालते ते हक्काने चालू लागले की त्यास नियम लावता येतात. आणि पुढे येण्याचा मान मिळालेला मनुष्य रेषेच्या आत राहतो किंवा नाही, याचाही एकदा निकाल लागेल.

चौकट आखली जाईपर्यंतचा बंदोबस्त आपल्याच हाती आहे. आज दिवा हिरवा झाला की आपण आधी उजवीकडे, मग डावीकडे पाहावे, आणि मनातल्या मनात एक-दोन म्हणून मगच निघावे. मागचा रिक्षावाला भोंगा वाजवील, त्यास वाजवू द्यावे. तेवढ्या अवधीत आडव्या रस्त्यावरचा शेवटचा शूर निघून गेलेला असेल, आणि मीही पलीकडच्या फुटपाथावर पोहोचलेला असेन.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला कृपाभिलाषी,
एक पादचारी