घरबसल्या तीस दिवसांत निर्बंध!

एखादा देश अणुबॉम्ब बनवेल अशी धास्ती वाटते? त्याच्या प्रकल्पांवर विमानं धाडून पाहिलीत, तरी धास्ती जात नाही? मग हा वर्ग तुमच्यासाठीच आहे. इथे सैन्य लागत नाही आणि बहुमतही लागत नाही. पत्र लिहिता आलं की झालं. सरावासाठी आपण इराण घेऊ. त्याच्यावर हा प्रयोग दोनदा झाला आहे, एकदा फसलेला आणि एकदा यशस्वी. दोन्हींतला फरक पुढे पुढे जरा पुसट होत जातो, पण नवशिक्यांनी त्याचा धसका घेऊ नये.

१. पहिली अणुभट्टी शक्यतो तुम्हीच द्या.

हे ऐच्छिक आहे, पण केल्यास रंगत वाढते. तेहरानची संशोधन अणुभट्टी १९६७ मध्ये सुरू झाली ती अमेरिकेच्या कृपेने, आणि तिचं इंधनही अमेरिकेनेच दिलं. ते किती समृद्ध होतं? ९३ टक्के. तेव्हा तिथे शहा होते, त्यामुळे युरेनियमही सज्जन होतं.

२. मग करार करा.

निर्बंध पुन्हा लादायचे तर आधी ते उठायला हवेत, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. १४ जुलै २०१५ रोजी व्हिएन्नात सहा देश, युरोपीय संघ आणि इराण यांच्यात अणुकरार झाला. युरेनियम ३.६७ टक्क्यांच्या वर न्यायचं नाही, साठा ३०० किलोच्या आत ठेवायचा, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांना दार उघडायचं. बदल्यात निर्बंध उठायचे. सहा दिवसांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव २२३१ करून त्यावर शिक्का मारला.

याच ठरावात तुमचं हत्यार दडवा. नाव ‘स्नॅपबॅक’. करारातल्या कोणीही ‘समोरचा करार पाळत नाही’ असं परिषदेला कळवलं की तीस दिवसांचं घड्याळ सुरू होतं. तेवढ्या मुदतीत ‘सवलत चालू ठेवावी’ असा ठराव मंजूर झाला नाही, तर जुने निर्बंध आपोआप परततात. एखाद्या सोसायटीत ‘चौथ्या मजल्याचं पाणी तोडू नये’ असा ठराव बहुमताने होईना म्हणून पाणी तुटावं, शिवाय पाच सभासदांपैकी कोणालाही एकट्याला तो ठराव पाडता यावा, असा हा प्रकार. रशिया आणि चीनचा नकाराधिकार इथे बिनकामाचा ठरतो. तरीही दोघांनी २०१५ मध्ये या कलमाच्या बाजूने हात वर केले होते. सही करण्यापूर्वी कागद वाचावा, ही सूचना त्यांच्यासाठी.

३. पत्र लिहीपर्यंत करारातून बाहेर पडू नका.

हसू नका, ही चूक झालेली आहे. ८ मे २०१८ रोजी ट्रम्प यांनी अमेरिकेला करारातून बाहेर काढलं. दोन वर्षांनी, २० ऑगस्ट २०२० रोजी, परराष्ट्रमंत्री पॉम्पिओ त्याच कराराच्या कलमावर बोट ठेवून निर्बंध मागायला न्यूयॉर्कला हजर झाले. घर सोडून गेलेल्याने भाडं वाढवायची नोटीस द्यावी तसं परिषदेतल्या बहुतेकांना वाटलं. पंधरापैकी तेरा जणांनी विरोध नोंदवला. महिन्याभराने अमेरिकेने निर्बंध परतल्याचं जाहीर केलं आणि बाकीचं जग आपापल्या कामाला लागलं.

४. मधल्या काळात सहानुभूती दाखवा.

अमेरिकेने आपले निर्बंध परत लादले, तरी करार टिकावा अशी युरोपची फार इच्छा होती. ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीने जानेवारी २०१९ मध्ये ‘इन्स्टेक्स’ नावाची यंत्रणा काढली. डॉलरला हात न लावता इराणशी व्यापार करता यावा, हा उद्देश. २०२० मध्ये तिच्यातून वैद्यकीय मालाचा एक व्यवहार पार पडला. २०२३ मध्ये ती बंद झाली.

५. समोरचाही हौशी हवा.

इराणने इथे निराश केलं नाही. अमेरिका गेल्यावर वर्षभर त्याने मर्यादा पाळल्या, मग जुलै २०१९ पासून एकेक ओलांडायला घेतल्या. एप्रिल २०२१ मध्ये तो ६० टक्क्यांवर गेला. वीजनिर्मितीला याच्या आसपासचंही काही लागत नाही, आणि बॉम्बचं ९० टक्के तिथून फार लांब नाही. आम्हाला बॉम्ब नकोच, हे मात्र चालूच. कोमजवळच्या डोंगराच्या पोटातला फोर्दो प्रकल्प २००९ मध्ये उघडकीला आला, तोही बहुधा हवापालटासाठीच बांधला असावा.

६. मुहूर्त पाहा.

ही खरी कसोटी. ठराव २२३१ ची मुदत १८ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होती. त्यातून ऑक्टोबरात परिषदेचं अध्यक्षपद रशियाकडे जाणार होतं. म्हणून पत्र ऑगस्टातच जायला हवं. त्याआधी १३ जूनला इस्रायलने इराणवर हल्ला केला. २२ जूनला अमेरिकेने फोर्दो, नतांझ आणि इस्फहान इथे हल्ले केले. इराणने चिडून निरीक्षकांशी सहकार्य थांबवणारा कायदा केला. २८ ऑगस्टला तीन युरोपीय देशांनी ‘निरीक्षकांना सहकार्य नाही’ या तक्रारीसह पत्र दिलं. प्रसंगाचा उपयोग कसा करावा, याचा हा नमुना वहीत चिकटवून ठेवा.

मग मतदान. १९ सप्टेंबरला सवलत चालू ठेवण्याचा ठराव आला : बाजूने ४, विरोधात ९, तटस्थ २. २६ सप्टेंबरला रशिया आणि चीनने सहा महिन्यांची मुदतवाढ मागितली : पुन्हा ४, ९, २. इराणच्या बाजूच्या चौघांत पाकिस्तान होता. युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजचं सुरुवातीचं तंत्र इराणला ज्यांच्या जाळ्यातून मिळालं, ते अब्दुल कादीर खान तिथलेच. जुन्या गिऱ्हाइकाला असं विसरू नये.

२७ सप्टेंबरच्या रात्री २००६ ते २०१० मधले सहा ठराव जिवंत झाले. ३.६७ टक्के सोडा, आता समृद्धीकरणच नको. अभिनंदन!

७. जे मानत नाहीत त्यांच्याकडे बघू नका.

रशिया आणि चीनने हे सगळं अवैध ठरवलं. १८ ऑक्टोबरला इराणसह तिघांनी कळवलं की ठराव २२३१ संपला, विषय मिटला. म्हणजे आता एका पंचांगात निर्बंध आहेत, दुसऱ्यात नाहीत. गोंधळ होत असेल तर समुद्रावर जा. इराणी तेलाच्या टँकरने आपला ठावठिकाणा सांगणारं यंत्र बंद करायचं, नाव आणि झेंडा बदलायचा, मलेशियाजवळ दुसऱ्या जहाजात तेल उतरवायचं. मलेशिया स्वतः जेवढं काढतो त्याहून जास्त ‘मलेशियन’ तेल चीन विकत घेतो. या तेलावर निर्बंधांमुळे सवलत मिळते, तीही चीनलाच.

८. अनुभवी लोकांचा सल्ला घेऊ नका.

विशेषतः आपला. १९७४ च्या पोखरणनंतर तारापूरच्या इंधनावरून अमेरिकेने हात आखडता घेतला आणि पुढे पुरवठा थांबवला. मग फ्रान्सने दिलं, नंतर चीनने, नंतर रशियाने. पालघर जिल्ह्यातल्या त्या भट्ट्या चालत राहिल्या. १९९८ मध्ये पुन्हा स्फोट झाले, पुन्हा निर्बंध आले, २००१ मध्ये उठले. असल्या आठवणींनी विद्यार्थ्यांचं मन विचलित होतं.

९. झळ योग्य जागी पोचवा.

औषधांना निर्बंधांतून सूट आहे, हे ठासून सांगा. खरंच आहे. फक्त पैसे पाठवायला बँक तयार होत नाही. एका आनुवंशिक विकारात मुलांची कातडी नुसत्या घासण्याने सोलवटते. त्या जखमांना न चिकटणारी फोमची पट्टी स्वीडनहून इराणात यायची. २०१८ मध्ये अमेरिकेचे निर्बंध परतल्यावर ती यायची थांबली. जखमेला चिकटलेली साधी पट्टी ओढली की तिच्याबरोबर कातडीही निघते. या पट्टीतून बॉम्ब कसा बनतो, ते पुढच्या वर्गात.

सामान्य इराणी माणसाला सांगा की राग त्याच्यावर नाही. कराराच्या वेळी डॉलरला तीस-बत्तीस हजार रियाल पडायचे, निर्बंध परतले तेव्हा अकरा लाखांच्या वर. विमानप्रवास करणाऱ्यांना तर विशेष धीर द्या. करारानंतर इराणने एअरबसची १०० आणि बोईंगची ८० विमानं मागवली होती. एअरबसची ३ आली, बोईंगचं एकही नाही. सत्ताधाऱ्यांचं आणि क्रांतिरक्षक दलाचं मात्र फार मनावर घेऊ नका. माल चोरवाटेने येऊ लागला की चोरवाटांवरच्या नाक्यांना भाव येतो, आणि ते नाके त्यांच्याकडे आहेत.

१०. यश मोजा.

इथे विद्यार्थी गडबडतात. निर्बंध हा दबाव होता. लादण्याची धमकी हातात होती तोवर तिच्या बदल्यात काहीतरी मागता येत होतं. निरीक्षकांना परत घेण्याचा समझोताही इराणने ९ सप्टेंबरला कैरोत केला होता. धमकी वापरून झाली आणि नोव्हेंबरात इराणने तो समझोता मोडीत काढला. पण घाबरू नका, परीक्षेत हे विचारत नाहीत. पत्र वेळेत गेलं का, एवढंच विचारतात.

गृहपाठ : १३ जून २०२५ रोजी इराणकडे ६० टक्के समृद्ध युरेनियम ४४०.९ किलो होतं, असा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. आणखी शुद्ध केल्यास ते साधारण दहा बॉम्बांना पुरेल. ते कुठे आहे, शोधून आणा. २०२५ साल संपलं तेव्हा संस्थेच्या निरीक्षकांनाही ते पाहायला मिळालेलं नव्हतं.