बस म्हटलं की बस

पुण्याच्या सोसायट्यांत कुत्र्याला ‘सिट’, ‘स्टे’ शिकवायला पगारी मास्तर येतो. बिस्किट दिसलं की कुत्रं पदवीधर! कवठे येमाईच्या उसाच्या पट्ट्यात मात्र असा ‘स्टे’ पाळणारा गुणी टॉमी रात्री अंगणात बसून राहिला, तर बिबट्याला शोधाशोधीचेही कष्ट नकोत. इथल्या कुत्र्याला दोनच धडे पुरतात: भुंकायचं आणि घरात घुसायचं. धनगर तर कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टाच घालतात. २०२५ च्या नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्याच पिंपरखेडला बायामाणसं तसलेच पट्टे घालून शेतात जाऊ लागली. बिबट्याला ‘नो’ शिकवणारा मास्तर कुणी नेमलेला नाही. तेव्हा आज्ञापालन सध्या माणसांकडेच आहे. दिवस मावळला की घरात!