सगळंच ‘नाइस’

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली रो-रो बोट तासाभरात अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याला लागते. 2020 पासून गाडीसकट येता येतं, आणि प्रत्येक गाडीतून एक इंग्रजी विशेषण उतरतं: नाइस. समुद्र नाइस, जेट्टी नाइस, नारळाची वाडी नाइस, जिताड्याचं कालवण नाइस आणि गुंठ्याचा भाव ऐकल्यावर, जरा दम घेऊन, तोही नाइस. वाळत घातलेल्या बोंबलांपाशी तेवढा शब्द फुटत नाही. नाक दाबलेलं असतं.

या शब्दाचा पूर्वज लॅटिनमधला ‘नेस्कियस’, म्हणजे अज्ञानी. मध्ययुगीन इंग्रजीत ‘नाइस’ म्हणजे चक्क मूर्ख. मग तो चोखंदळ झाला, काटेकोर झाला आणि अठराव्या शतकात ‘छान’ होऊन असा सोकावला, की जेन ऑस्टिनने ‘नॉर्दँगर ॲबी’त त्याची यथेच्छ टर उडवली. ‘अलिबागहून आलास का?’ असं विचारून मुंबईकरांनी ज्या तालुक्याला बावळट ठरवलं, तिथेच येऊन ते दिवसभर हा शब्द जपतात, हा काव्यगत न्याय.

तेव्हा पाहुण्यांनो, मासळीला फडफडीत म्हणा, समुद्राला खवळलेला म्हणा. ‘नाइस’ जमिनीच्या दलालाला म्हणायला हरकत नाही. फक्त नव्या अर्थाने. जुना त्याला लागू पडत नाही.