बंद करूनही चालू राहणेबाबत

बसा. चहा टाकलाय, तोवर माझी तक्रार ऐकून घ्या. घरात आता ऐकणारं कुणी उरलेलं नाही.

लालबागच्या चाळीतल्या खोलीत माझं एक टेबल आणि त्यावर कॉम्प्युटर. त्याच्यावर मी मसाल्याच्या पाकिटांची लेबलं करतो, लग्नपत्रिका करतो आणि भाद्रपद जवळ आला की मंडळाची पावतीपुस्तकं. मेमरी १६ जीबी. एप्रिलच्या शेवटी भाच्याच्या आग्रहाखातर लॅमिंग्टन रोडवरून ग्राफिक्स कार्ड आणलं. "मामा, फोटो झरझर उघडतील." उघडले. तीन दिवस उघडले.

चौथ्या दिवशी, मसाला गल्लीत डंके धडधडतायत, अख्खी चाळ शिंकतेय, लेबलं संध्याकाळपर्यंत हवीत, आणि 'गरम'मधला 'ग' उमटल्यावर 'र' काही येईना.

टास्क मॅनेजर उघडला. १६ पैकी १५ जीबी खर्ची पडलेली. बरं, खर्च केली कुणी? खालच्या यादीत फोटोचा प्रोग्राम, ब्राउझर, अँटिव्हायरस अशी मंडळी. वही काढून बेरीज केली. साडेपाच. पुन्हा केली. साडेपाचच. आमच्या मंडळात साडेनऊ रुपयांचा फरक निघाला तर सर्वसाधारण सभा रात्री दोनपर्यंत चालते. इथे साडेनऊ जीबी बेपत्ता, आणि व्हाउचरवर कुणाची सही नाही.

भाच्यानं निदान केलं: मेमरी लीक, कार्डाच्या ड्रायव्हरची. हा ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यामधला मध्यस्थ. त्याचा मुख्य भाग बसतो थेट गाभ्यात, कर्नेलमध्ये. म्हणून तिथला खर्च यादीत कुणाच्याच नावावर पडत नाही. तिथे 'नॉन-पेज्ड पूल' नावाची राखीव जागा असते. कॉम्प्युटर चालू असताना तिच्यातलं काहीही डिस्कवर हलवता येत नाही. काम निघालं की ड्रायव्हर तिथून तुकडा मागून घेतो, आणि काम झाल्यावर परत करायचं विसरतो. मांडवातल्या खुर्च्या नेणारे मी पाहिलेत. पण ते निदान नेताना "काका, दोनच मिनिटं" म्हणतात.

नुसत्या संशयावरून कारवाई करणं माझ्या स्वभावात नाही. 'पूलमॉन' नावाचं हत्यार मिळवलं. पूलमधल्या तुकड्यांवर चार अक्षरांची खूण असते. कुठली खूण फुगतेय ते हे दाखवतं. ती खूण नेमकी कुणाची, हे ड्रायव्हरच्या फायली धुंडाळून काढण्यात दोन रात्री गेल्या. निघाली ग्राफिक्सवाल्याचीच.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. मी रोज रात्री साडेदहाला कॉम्प्युटर बंद करतो. भिंतीवरचं बटणसुद्धा. तरी सकाळी पूल कालच्याइतकाच भरलेला! बारकाईनं पाहिलं तर कोपऱ्यात लिहिलेलं: अप टाइम, १९ दिवस. म्हणजे १९ रात्री मी नेमकं काय बंद करत होतो? तर विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. आपण 'शट डाउन' म्हटलं की ते आपले प्रोग्राम तेवढे बंद करतं, गाभा मात्र जसाच्या तसा डिस्कवर लिहून ठेवतं, आणि सकाळी तोच पुन्हा वर आणतं, लाटलेल्या जागेसकट. गाभा खरोखर रिकामा व्हायचा तर 'रीस्टार्ट' म्हणावं लागतं. थोडक्यात, चालू कर म्हटलं तर बंद होतं आणि बंद हो म्हटलं तर होत नाही.

हे निदान लालबागला तरी शिकवू नये. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला गिरणी संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. गिरण्या गेल्या, टॉवर आले, कागदोपत्री संप आहे तिथंच आहे.

असो. फास्ट स्टार्टअप काढला, सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर उपटला, आधीची आवृत्ती बसवली. पूल ०.३ जीबी. दुसऱ्या दिवशीही ०.३. रात्री पाणी प्यायला उठलो की मी तो आकडा बघून यायचो. बायको काही बोलली नाही, कूस बदलली.

तिसऱ्या दिवशी विंडोजनं हरकती व सूचना न मागवता तोच नवा ड्रायव्हर परस्पर बसवून टाकला.

हे बघा, आत्ता ०.९ आहे. चहात आलं घातलंय, उकळायला वेळ लागेल. तोवर १.१ होतं की नाही बघा. पंच म्हणून तुमची सही लागेल.