स्कीम चौपन्न आणि वर्गमूळ दोन

इंदुरात गणित उपाशीपोटी शिकवता येत नाही. पुण्याहून सुट्टीला आलेल्या भाचीला संख्यांचे प्रकार समजावायचे ठरले, तेव्हा आम्ही वही घेऊन थेट छप्पन दुकानला गेलो. एक, दोन, तीन करत दुकानं मोजली की झाल्या नैसर्गिक संख्या! मध्येच शिकंजी आडवी आली आणि मोजणी तिथेच थांबली.

शून्य सोपं. रात्री सराफ्यातल्या पेढ्या बंद होतात आणि तिथेच खाण्याची दुकानं लागतात. भुट्ट्याचा कीस, दहीवडा, मालपुवा करत बाहेर पडलं की खिशात उरतं ते शून्य. त्याच्याही खाली उतरायचं तर उधारी हवी. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्येच धन-ऋणाचे नियम लिहून ठेवलेत: शून्यातून ऋण वजा केलं की धन येतं. हे ऐकताच भाचीने माझ्याकडून घेतलेले पन्नास रुपये वजा केले आणि आपण श्रीमंत झाल्याचं जाहीर केलं.

परिमेय संख्यांना शेवेचं दुकान. पाव किलो लौंगशेव म्हणजे एक छेद चार. आमच्या आजोबांना पावकी, निमकी, औटकी तोंडपाठ. तराजू जरा कलला की ते नुसते खोकायचे, शेववाला मूठभर वाढवायचा.

खरी पंचाईत अपरिमेयची. एक इंच बाजूची चौकोनी बर्फी घेतली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापली. काप किती लांब? पायथागोरसच्या हिशेबाने वर्गमूळ दोन, म्हणजे १.४१४२१३५६... आकडे संपत नाहीत, ठरावीक गट फिरून फिरून येत नाही, आणि कुठल्याही दोन पूर्णांकांचा भागाकार करा, नेमकं हे उत्तर मिळत नाही. भाचीला पटेना. "मामा, इथे सुरू झाला, तिथे संपला. समोर तर दिसतोय!" मुद्दा बिनतोड होता. लांबी संपते, लिहिणं संपत नाही, असं मी सांगेपर्यंत तिने दोन्ही तुकडे खाल्ले. सिद्धतेला काही उरलंच नाही.

पुस्तकात नसलेला एक प्रकार मात्र आमच्याकडे रस्त्यावर भेटतो. विजयनगरकडे विकास प्राधिकरणाच्या स्कीम नंबर ५४, ७४, ७८ अशा वसाहती आहेत. हे आकडे दिसायला नैसर्गिक. पण ना बेरजेच्या कामाचे, ना क्रमाच्या. ५४ संपली की ५५ लागेल या भरवशावर रिक्षावाल्याला "सीधे चलो, भिया" म्हणालात, तर देवास गाठाल. तेव्हा इंदुरात पत्ता विचारताना आकड्यावर विसंबू नका. जवळचा पोहेवाला कोण, ते आधी विचारून घ्या.