सासरे, मी आणि ९९ सेंटिमीटर

बायकोची मिलानला परिषद होती. तिने मला बरोबर नेलं आणि स्वतःच्या वडिलांना माझ्या गळ्यात घातलं. दिवसभर ती हृदयाच्या झडपांवरचे निबंध ऐकणार आणि आम्ही सासरे-जावयांनी गाव बघायचं, असा बेत. अण्णा एसटीच्या दापोडी वर्कशॉपातून निवृत्त झालेले मेकॅनिक. मिलानचं कॅथीड्रल १३८६ साली बांधायला घेतलं आणि शेवटचा दरवाजा १९६५ साली बसला, असं मी त्यांना भारावून सांगितलं. त्यांनी मान वर करून सगळे कळस न्याहाळले आणि विचारलं, "बिलं कोण पास करत होतं?"

यांना आरेझेला न्यायचं, हे मी तिथेच ठरवलं. मला स्वतःला आधीपासूनच जायचं होतं, हा भाग वेगळा.

आरेझे हे मिलानच्या वायव्येचं गाव. तिथे अल्फा रोमिओचा कारखाना होता, आता संग्रहालय आहे. मोटारींच्या बाबतीत माझा व्यासंग दांडगा. कुठल्या गाडीचं बोनेट कोणी आखलं, हे मला झोपेतून उठवून विचारावं. चालवतो मात्र मी साधी हॅचबॅक, आणि तिचं बोनेट उघडायचं झालं तर अण्णांना फोन करतो.

मेट्रोनंतरची बस खच्चून भरलेली. इटालियन लोकांना आपल्या वारशाची केवढी ओढ, असं मी म्हणेपर्यंत एका भल्यामोठ्या मॉलपाशी सगळी बस रिकामी झाली. कारखान्याच्याच जुन्या जागेवर हा मॉल उभा आहे. "म्हणजे आपल्या गिरण्यांचं झालं तेच," अण्णा म्हणाले आणि संग्रहालयाकडे चालू लागले.

दारातच अल्फाचं बोधचिन्ह. एका बाजूला मिलान शहराचा लाल क्रूस, दुसऱ्या बाजूला विस्कोंती घराण्याचा साप, आणि सापाच्या तोंडात माणूस. १९१० साली कंपनी निघाली तेव्हा रोमानो कात्तानेओ नावाचा नक्षाकार किल्ल्यासमोर ट्रामची वाट बघत होता, तेव्हा वेशीवरचा साप बघून त्याला हे सुचलं, असं सांगतात. ट्राम वेळेवर आली असती तर अल्फाला साप मिळाला नसता. अण्णांनी चिन्ह जवळून पाहिलं. "गिऱ्हाइकाला आधीच कल्पना दिलेली बरी," म्हणाले.

पहिली गाडी, १९१०ची २४ एचपी, त्यांना एकदम पसंत पडली. सगळं उघडं, सगळं हाताला येणारं. "पान्हे द्या, संध्याकाळपर्यंत चालू करतो." पुढे काउंट रिकोत्तीने १९१४ साली कास्तान्या कंपनीकडून बांधून घेतलेल्या गाडीची प्रतिकृती होती. वारा कापण्यासाठी थेंबाच्या आकाराची, बाजूला बोटीच्या असाव्यात तशा गोल खिडक्या. तिने ताशी १३९ किलोमीटर वेग गाठला होता. हा माणूस काळाच्या किती पुढे होता, हे मी कळवळून सांगत होतो. अण्णांच्या मते दुष्काळी भागात पाणी पोचवायला असला टँकर उत्तम.

मग ती आली. ३३ स्त्रादाले, १९६७. फ्रँको स्कालियोनेने आखलेली. उंची ९९ सेंटिमीटर, वजन सुमारे ७०० किलो, पाठीमागे दोन लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन. हिच्या अवघ्या १८ चासी तयार झाल्या. माझा कंठ दाटून आला. अण्णांचा चष्मा खाली आला.

"जावईबापू, ही आपल्या गल्लीतल्या गतिरोधकावरून जाईल?"

"जाणार नाही."

"मग गतिरोधक काढावा लागेल," असं म्हणून ते चक्क जमिनीवर आडवे झाले आणि गाडीच्या पोटाखाली डोकावू लागले. इकडे माझ्या पोटात गोळा. रखवालदार धावत आला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, अण्णांना इटालियन. पण एक इटलीचा माणूस आणि दुसरा आयुष्यभर चालू इंजिनाच्या आवाजात काम केलेला. दोघांचीही मुख्य भाषा हातवारे. अण्णांनी मुठीने गिअर टाकून दाखवला. रखवालदाराने मान हलवून, बोटांनी हवेत गिअरबॉक्स उभा केला आणि तो कुठे बसतो ते दाखवलं. मग दोघांनी मिळून क्लच सोडला. मी व्यासंगासकट बाजूला उभा.

उठल्यावर अण्णा दाराच्या कडेकडे टक लावून बघत राहिले. हात लावायची बंदी, म्हणून त्यांचे हात पाठीमागे बांधलेले. "हा पत्रा प्रेसमधून निघालेला नाही. हाताने ठोकलाय. ठोकणाऱ्याला नमस्कार सांगा." हे खरंच आहे. ॲल्युमिनियमची ती बॉडी मारात्सी कंपनीच्या कारागिरांनी हाताने घडवली, म्हणूनच दोन स्त्रादाले तंतोतंत सारख्या नसतात. हे मी वाचलेलं होतं. अण्णांना ते दिसलं.

या ३३च्या काही चासी कारखान्याने डिझाइन कंपन्यांना दिल्या. बेर्तोने कंपनीच्या मार्चेल्लो गांदिनीने १९६८ साली त्यातल्या एकीवर काराबो बसवली. हिरवीगार पाचर, नाकाला आणि शेपटाला नारिंगी पट्टा, आणि दारं बाजूला न उघडता थेट आकाशाकडे.

"गाडी उलटली तर माणूस बाहेर कसा येणार?"

"..."

"स्टेपनी?"

"अण्णा, ही विकायची गाडी नाही. प्रदर्शनात मांडायची."

"विकायची नाही, तर बनवली कशाला?"

प्रश्न एसटीचा होता, पण योग्य होता. गांदिनीचीच आधीची लॅम्बोर्गिनी मिउरा अफाट वेगात नाक उचलायची. ते नाक खाली दाबण्यासाठी काराबोला त्याने पाचरीचा आकार दिला. हीच पाचर आणि हीच दारं घेऊन १९७१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात लॅम्बोर्गिनीची काउंटाश अवतरली. नंतर ती रस्त्यावरही आली आणि जगभरातल्या मुलांच्या खोल्यांमध्ये भिंतीवर चिकटली. "म्हणजे ट्रायल गाडी," अण्णांनी निकाल दिला. "मग ठीक आहे. ट्रायलला स्टेपनी लागत नाही."

शेजारीच इग्वाना. हीसुद्धा त्याच चासीवरची, १९६९ची, जॉर्जेत्तो जुजारोची. आता मला हुकमाचा एक्का सापडला. "अण्णा, शेजारच्या कुलकर्ण्यांची मॅटिझ आठवते?"

"क्लचप्लेट दोनदा बदलली मी तिची."

मग मी सांगितलं. याच जुजारोच्या कंपनीने लुचोला नावाची छोटी गोलमटोल नमुनागाडी फियाटसाठी मांडली. फियाटने ती घेतली नाही. देवूने घेतली. तिचीच पुढे मॅटिझ झाली आणि आपल्या गल्लीत आली. अण्णा कितीतरी वेळ इग्वानाकडे बघत राहिले. ज्या माणसाने हे भूत घडवलं त्याच्याच कंपनीच्या गाडीचा क्लच आपण बदलला, हे त्यांना आवडलेलं दिसलं. "त्या माणसाला जागेचा हिशोब कळत होता," ते म्हणाले. "मॅटिझमध्ये कुलकर्णी मागच्या सीटवर सरळ बसायचे. आणि कुलकर्णी सहा फूट."

नमुनागाडीची खरी परीक्षा हीच. तिच्यात कोणी बसलं की नाही, हा मुद्दाच नाही. तिच्यातला धीटपणा वीस-पंचवीस वर्षांनी कुणाच्या तरी स्वस्त गाडीत उतरला की ती पास. आणि माझ्यासारख्या शौकिनांना एक सल्ला: असल्या संग्रहालयात दुसरा शौकीन बरोबर नेऊ नका. दोघंही फक्त आहा-आहा करत फिराल. एखादा निवृत्त मेकॅनिक न्या. आणि तो आडवा झाला, तर खुशाल होऊ द्या.