रेघवाले डॉक्टर

परळ-दादरच्या पट्ट्यात सोनोग्राफीच्या बोर्डाखालून आत गेलात की एखादे तरी रेघवाले डॉक्टर भेटतातच. बाहेर बाकावर बायका बाटलीभर पाणी पिऊन पाय आवळून बसलेल्या. आत अंधारात हे. उजव्या हातात प्रोब, डाव्याखाली ट्रॅकबॉल. मशीनने अंडाशयाभोवती आपणहून रेघ ओढली, की यांनी नाक मुरडलंच. "बघा, शिरलं शेजारच्या घरात!"

डॉक्टर गिरगावच्या चाळीतले. गॅलरीत कुणाच्या चपला कुठवर, यावर दोन पिढ्यांची भांडणं पाहिलेला माणूस; त्याला हद्द काय शिकवायची?

आणि मशीनची पंचाईत खरीच आहे. परतणाऱ्या ध्वनिलहरी एकमेकींत मिसळून चित्रभर रवा सांडल्यासारखे ठिपके पडतात. कडा मधेच बुजते. कडेला बिलगत सरपटणारी 'स्नेक' नावाची रेघ 1988 पासून प्रसिद्ध; पण या रव्यात ती साप भलत्या बिळात शिरावा तशी आतड्याच्या वळणात जाते. 2015 चं यू-नेट हे न्यूरल नेटवर्क शहाणं, तरी तेही आधी माणसांनी काढलेल्या रेघा गिरवूनच शिकतं.

बरं, हा नुसता हट्टही नव्हे. लांबी, रुंदी, जाडी यांचा गुणाकार, त्याला गुणिले 0.523, हे अंडाशयाचं आकारमान. ते 10 मिलीपुढे गेलं की पीसीओएस या विकाराचा एक निकष पुरा. 3 सेंटीमीटरवर रेघ जेमतेम सव्वा मिलिमीटर सरकली आणि तिन्ही मापांत याच प्रमाणात चूक झाली, तर 9 मिलीचं 10 ओलांडतं. बाईच्या फाइलवर शिक्का!

मशीनला शिकवण्यासाठी मी या डॉक्टरांकडे चित्रं आखून घ्यायला जायचो. प्रत्येक वेळी ऐकावं लागे, "टेस्ट-ट्यूब बेबी हर्षा केईएममध्ये जन्मली 1986 ला. तेव्हा कुठे होतं तुमचं एआय?" (तेव्हा डॉक्टर स्वतः शाळेत होते.)

एकदा शंभर चित्रांच्या गठ्ठ्यात मी पाच चित्रं मुद्दाम दोनदा घातली. आखून आल्यावर जोड्या समोर ठेवल्या. रेघा कुठेच जुळत नव्हत्या. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला, एका रेघेवर बोट ठेवलं. "ही मशीनची. लगेच कळतं."

दोन्ही त्यांच्याच होत्या. मशीनला आम्ही दोन्ही शिकवल्या.